मावशीने भूत बघायला घेतलं

मी अंधश्रद्धेच्या विरोधात काम करते. आठवडी बाजारात टेबल मांडते, पत्रकं वाटते, जिभेवर कापूर जाळून दाखवते, आणि कुणी ‘लग्नाचं बघ आता’ म्हणालं तर त्यालाही एक पत्रक देते. अशा माझ्या घरातून एका मुलीला देवऋषीकडे न्यायचं ठरत होतं. मला राग आला असं म्हणणं फारच सौम्य झालं. मी पेटले होते.

मुलगी म्हणजे माझी मावसबहीण. नांदगावकडच्या खेड्यातून बारावीसाठी आमच्याकडे, देवळाली कॅम्पात, राहायला आलेली. सकाळी कॉलेज, दुपारी नाशिकरोडला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास. दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं, मग बोलणंही. विचारलं की एकच उत्तर, ‘काही नाही गं ताई.’ अभ्यास व्हावा म्हणून मावशीने तिला साधा बटणांचा फोन दिला होता. त्यामुळे करमणूक एवढीच, की शेजारचं फौजी कुटुंब बदली होऊन जाताना जुना डीव्हीडी प्लेअर आणि डिस्कचा एक डबा आमच्याकडे ठेवून गेलं होतं. जपानी कार्टून मालिका. माणसांच्या अंगात शिरणारे सैतान, आणि काळे झगे घालून, हातात घंटा घेऊन ते उतरवणारी शाळकरी मुलं. भाषा जपानी, खाली इंग्रजी ओळी. ही तेच ते भाग पुन्हा पुन्हा लावायची. मला ती मालिका पटत नव्हती, पण आमच्या टीव्हीवर बाबालोकांची प्रवचनं चालतात त्यापेक्षा बरी म्हणून गप्प होते.

मावशी लेकीला भेटायला आली ती रविवारी दुपारी. लेक झोपलेली, उशाशी तो डबा, डब्यावर तीन डोळ्यांचं, लांब जिभेचं काहीतरी. आणि नेमकी झोपेत ती जपानीत पुटपुटली.

मावशी स्वयंपाकघरात आली तीच पांढरीफटक होऊन. ‘अगं, पोरगी परकी भाषा बोलती!’

‘मावशी, ती जपानी आहे. मालिका बघून बघून पाठ झालीय तिची.’

‘म्हंजी तूच म्हणती ना, परकी हाय म्हणून!’

परकी भाषा, न जेवणं, एकटक बघत बसणं, तिच्या हिशेबात सगळी लक्षणं जुळली होती. तिने तिथूनच गावाकडच्या देवऋषीला फोन लावला. तो माणूस धंद्यात पक्का. त्याने विचारलं, भूत बाप्या की बाई? पाण्यातलं की झाडावरचं? मागतं काय? ‘नीट बघून सांगा,’ म्हणाला, ‘त्याप्रमाणं सामान काढावं लागतं. येत्या अमावास्येला पोरीला घेऊन या.’

सामान म्हणजे काय ते मला माहीत आहे. मिरच्यांची धुरी घेतल्यावर डोळे उघडता न येणाऱ्या बाईशेजारी मी सरकारी दवाखान्यात बसलेली आहे. मी सरळ म्हणाले, ‘तिला तिकडे नेलंस तर मी पोलीस आणीन. कायदा आहे.’

‘आण की. तुझ्या आईच्या बहिणीला बेड्या घाल. छापून वाट.’

‘वाटीन!’

‘चहा घ्या गं दोघी,’ आई म्हणाली. आमच्या घरात युद्धबंदी अशीच जाहीर होते.

चहा पिऊन मावशी उठली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. देवऋषीला सांगायचं तर आधी भूत बघायला हवं, एवढा साधा विचार. लेकीला उठवलं. ‘लाव ते. आन काय बोलतंय ते मला सांग.’

पोरीला इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगाव्या लागल्या. पहिल्यांदा एकेक शब्द, मग वाक्य, मग आवाज बदलून. जिचा आवाज आम्ही विसरत चाललो होतो ती आईला सांगत होती, ‘हा म्हणतोय, पळ! ती म्हणतेय, घंटा हरवली!’ मावशी मांडी घालून, पदर तोंडाला लावून बघत होती. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात तक्रारअर्ज लिहीत होते.

एका भागात म्हातारीच्या अंगात शिरलेला सैतान गावातले दिवे विझवत सुटलेला. घंटावाला मुलगा त्याच्यासमोर बसतो आणि विचारतो, तुला हवंय काय? सैतान म्हणतो, मला कुणी हाक मारत नाही.

‘बराबर हाय,’ मावशी म्हणाली. ‘आमच्याकडं बी आधी इचारत्यात. न इचारता मारतो तो भगत कच्चा.’

‘विचारूनही मारतात, मावशी.’

‘तू गप गं.’ आणि ती लेकीकडे वळली. गावाकडे अंगातल्या वाऱ्याला जे विचारतात तेच, त्याच चालीत तिने विचारलं, ‘कोण हायेस तू? कुठनं आलास? काय घेऊन जाशील?’

मी पुढे सरसावले. आईने माझं मनगट धरलं.

पोरगी पडद्याकडे बघत राहिली. मग घुसमटल्या आवाजात म्हणाली, ‘हिला घरी जायचंय.’

‘आणिक?’

‘हिला डॉक्टर व्हायचं नाही. ही क्लासला जातच नाही. स्टेशनात बाकावर बसते, पॅसेंजर गाड्या बघते आणि वेळ झाली की परत येते. क्लासात सगळ्यांना येतं, हिला येत नाही. हिने दिवाळीत सांगायचं ठरवलं होतं, पण आईने गावभर सांगून ठेवलंय, पोरगी डॉक्टर होणार.’

अंगात आलेली बाई एरवी जे बोलू शकत नाही ते बोलून घेते, हे आमच्या पत्रकात ठळक अक्षरात आहे. वाचायला सोपं वाटतं. समोर आपलीच बहीण स्वतःला ‘हिला’ म्हणत असताना मी मनातला तक्रारअर्ज अर्ध्यावर सोडला.

मावशी मात्र विचारायची थांबली नाही. आवाज तेवढा बारीक झाला. ‘हिला घरी नेलं तर सोडशील?’

‘सोडीन. पण हिच्या वडिलांना, दादांना, तू सांगायचं. हिने नाही.’

‘सांगते.’

‘आणि मारायचं नाही.’

‘कोण मारतंय माझ्या लेकराला!’ मावशी ओरडली, आणि मग ‘आई’ अशी हाक आली, ती मात्र पोरीचीच. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मागे सैतान आपला जपानीत बडबडतोय, ते कुणाला बंद करायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी मावशीने देवऋषीला फोन केला. ‘नाय, नाय, सामान काय बी काढू नका. बोललं ते. घरीच बोललं.’ पलीकडून बरंच काही ऐकू आलं. अर्धवट उतरवलेलं उलटतं वगैरे. मावशी म्हणाली, ‘उलटंल तर माझ्यावर उलटंल ना? बघते मी,’ आणि फोन ठेवून दिला. मी भिंतीला टेकून खाली बसले.

जेवताना मी विषय काढलाच. ‘मावशी, भूत नव्हतंच. मुलगी दबली होती.’

‘व्हतं की. गेलं.’

‘अगं, पण...’

‘तुला भांडायला रोज कोणतरी लागतंच का? तिला वाढ आधी.’

ही विधानं माझ्या कोणत्याही पत्रकात बसत नाहीत आणि मला ती आजही मान्य नाहीत. पण अमावास्येला ती मुलगी कुणाच्या धुरीत बसणार नव्हती. सकाळच्या गाडीने ती घरी जाणार होती आणि तिच्या आईने ताटावर बसल्या बसल्या बापाला सांगायची वाक्यं जुळवायला घेतली होती. ‘तिचं मन नाय लागत म्हणू का? का सरळच सांगू?’

‘सरळ सांग,’ पोरगी म्हणाली. तोंडात भाकरी होती, तरी स्पष्ट ऐकू आलं.