आमच्या साडूंची बाजू

जगात माझ्यावर सर्वांत जास्त अन्याय कुणी केला असेल, तर तो आमच्या थोरल्या साडूंनी. बायकोच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, राहायला आमच्याच शहरात, पाणीगेटला, रेल्वेतून निवृत्त. असा माणूस निदान अडीअडचणीला तरी आपल्या बाजूनं बोलेल की नाही? पण साडू कायम समोरच्याच्या बाजूनं. एकदा मांडवीच्या वर्दळीत एका रिक्षानं माझ्या स्कूटरला ठोकर दिली. मी आणि मागे बसलेले साडू, दोघंही पडलो. मी गुडघा धरून ओरडतोय, तोवर साडू पँट झटकत उठले आणि शांतपणे म्हणाले, "यांच्या बाजूनं पाहिलं तर तुम्ही हात न दाखवताच वळलात." आधी घाबरलेला रिक्षावाला एकदम खुलला. "काका साचुं कहे छे!" गर्दीनंही "खरंय, खरंय" म्हणत माना डोलावल्या. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे कुणी बघेना! पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलाचे काका रुसले, तेव्हा तर साडूंनी त्यांची बाजू आम्हाला इतकी समरसून समजावली, की ते ऐकून काकांना स्वतःचे आणखी दोन अपमान आठवले.

हे सगळं मी सोसलं. पण मुलाच्या वेळी मात्र माझा तोल सुटला. मोबाइल नवेनवे आले होते. मुलानं आमच्या कारखान्यातली कायमची नोकरी, जी मी साहेबांच्या हातापाया पडून मिळवून दिली होती, ती सोडली आणि एका गुजराती मित्राबरोबर मोबाइलचं दुकान काढलं. मी बोलणं टाकलं, तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला. चौथ्या दिवशी साडू हजर.

"तो पळून नाही गेला हो," ते चहा ढवळत म्हणाले. "त्याला स्वतःचं काहीतरी उभं करायचंय. जरा त्याच्या जागी..."

"आणि माझ्या जागी कोण?" मी ओरडलो. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नका!"

साडूंनी उरलेला चहा संपवला, चपला घातल्या आणि दारात माझ्या बायकोला म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हाकललं असतं." घालवून दिलेल्या माणसानं आपल्याला असं समजून घ्यावं, याचा संताप मला आठवडाभर पुरला!

दोन महिन्यांनी मुलगा घरी आला, तो तणतणतच.

"बाबा, काकांना आवरा! दर रविवारी दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांसमोर तुमच्या वतीनं माझ्याशी भांडतात."

"माझ्या वतीनं?"

"हो! म्हणतात, तुझा बाप चिडलेला नाही, घाबरलाय. शेजारचा कारखाना बंद पडल्यावर दारात नुसती बसून राहिलेली माणसं तो रोज जाता-येता बघतो." त्यानं मान खाली घातली. "खरंय?"

हे मी साडूंना कधीच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"जेवून जा," एवढंच मी म्हणालो. तो जेवला, आणि रात्री राहिलाही.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा पाणीगेटला गेलो. मेहुणी गेल्यापासून साडू एकटेच; खाटेवर पडले होते, बरेच खंगले होते. मी गेलो होतो माफी मागायला, पण तोंडून निघाला तो आरडाओरडाच. "सगळ्यांच्या बाजू मांडत हिंडता! तब्येत अशी झालीय, एका शब्दानं कळवलं नाहीत. तुमचं स्वतःचं काही म्हणणं आहे की नाही?"

त्यांनी पाय आखडून खाटेवर माझ्यासाठी जागा केली.

"कुणी विचारलंच नाही हो कधी," ते म्हणाले. मग हळूच, "बसा थोडं. तुम्ही चिडलात की घर भरल्यासारखं वाटतं."

मी बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. पण त्या दिवशी मला चिडायला काही केल्या काही सुचेना.