बेबियानेचा सूर

बर्फाळ उत्तरेतल्या सात्तुत गावात राष्ट्रगीताचा पहिला सूर बेबियाने नावाची बाई लावते. पेटी नाही, बाजा नाही. ती एक स्वर काढते, मग बायका, बाप्ये, म्हातारे आपापली पट्टी धरतात आणि चारपदरी गाणं उभं राहतं. वर्षभर कारखान्यात मासे कापणारी ही बाई एकवीस जूनला, राष्ट्रीय दिनाच्या सकाळी गावची मालकीण असते, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे.

या हिवाळ्यात तिचा घसा बसला तो बसलाच. गावचा पुढारी गेर्थ म्हणाला, "यंदा स्पीकर लावू या का?"

"लाव की. मग गावानं तोंड कशाला उघडायचं, कॉफी प्यायला?"

बोलली खरी, पण सूर गेला तर आपण या गावात कोण, हे तिला उमगेना.

एकवीस जूनला झेंडा चढला. बेबियानेने सूर लावला, तो वर जाऊन फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिच्याऐवजी कोणी सूर लावला नाही. दुसऱ्याच्या सुरात हात घालायचा नाही, ही इथली रीत. तरीही स्पीकर आणून ठेवलेल्या गेर्थनेसुद्धा बटण दाबलं नाही. तिला सुधारायचा हक्क एकट्या तिच्या आईचा, आणि आई वारून एकोणीस वर्षं झालेली.

तशी ती गेलेली नव्हतीच म्हणा. त्याच महिन्यात शेजारी मुलगी जन्मली, तिला आईचं नाएमी हे नाव ठेवलं. नाव आलं की माणूस परत आलं, असं इथे मानतात. बेबियाने तेव्हापासून त्या पोरीला आईच म्हणते, आणि सीलच्या मटणातला चांगला तुकडा आधी तिला पोचवते.

ती घोळक्यातल्या नाएमीकडे वळली. "आई, फार वर लागतंय गं. तू सांग."

नाएमी पुढे आली. "हट्टी आहेस पोरी. खाली ये." आणि तिने दोन पायऱ्या खालचा सूर दिला.

"देवा रे!" मागून म्हातारा शिकारी एनोस ओरडला. "तीस वर्षं या बाईनं आमच्या माना ताणल्या!"

हशा पिकला आणि त्या हशातच गाणं सुरू झालं. बेबियाने मागे जाऊन एनोसला खेटून उभी राहिली. तिचा घोगरा आवाज बाप्यांच्या पट्टीत चपखल बसला. इतकी वर्षं तिने गाणं सुरू करून दिलं होतं. आज पहिल्यांदा ती त्याच्या आत उभी होती. ती रडत होती, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होती.