सासूबाईंचा संघ

अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला माझ्या सासऱ्यांची भाताची गिरणी होती, आणि फुटबॉलचा संघही होता. लग्न होऊन आले तेव्हा मला या संघाची लाजच वाटायची. माहेरी कोणी विचारलं तर मी फक्त गिरणी सांगायचे.

खेळाडू आमचेच पगारी. सकाळी गिरणीत काम, संध्याकाळी मागच्या मैदानावर सराव. सासऱ्यांनी भातखाचरांचे बांध मोडून ते मैदान केलं होतं, आणि एका बाजूला बसायला काळ्या दगडाच्या पायऱ्या बांधल्या होत्या. बायका मात्र तिथे बसत नसत.

सासरे गेले आणि काही महिन्यांतच त्यांच्या धाकट्या भावाने, आमच्या काकांनी, विषय काढला. उल्हासनगरच्या छावणीतली सिंधी कुटुंबं जागा शोधत होती. मैदानाचे प्लॉट पाडले तर हातोहात खपतील, असं त्यांचं म्हणणं. ह्यांनाही ते पटत होतं. त्यातच एका कारखान्याने कायमची नोकरी देऊन आमचा कप्तान आणि आणखी काही चांगले खेळाडू नेले होते. संघ राहिलाय कुठे, असं काका म्हणाले.

सासूबाईंनी जन्मात एक सामना पाहिला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊजी, संघ त्यांचा होता, आता माझा आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी तो मोडलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या टांग्याने छावणीत गेल्या. तिथल्या बराकींमध्ये मुलं फुटबॉल खेळतात, एवढं त्यांच्या कानावर होतं. एक उंच मुलगा गोलात उभा होता; त्याच्या हातून काही सुटत नव्हतं. त्याच्या आईला त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत गिरणीतली नोकरी आणि आमच्या घरचं दुपारचं जेवण कबूल केलं. ती बाई आधी गिरणी बघून गेली, आमचं स्वयंपाकघरही बघून गेली, आणि मग तिने मुलाला पाठवलं. त्याच्यामागून आणखी चौघे आले.

पुढच्या हंगामात आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. समोर तोच कारखाना, आमचा जुना कप्तान घेऊन. सामना आमच्याच मैदानावर होता. सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन निघाल्या आणि सासरे बसत त्या पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या. विधवा बाई अशी चारचौघांत येऊन बसलेली पाहून गलका थांबला. मग लोकांनी सरकून जागा केली. मी त्यांच्या शेजारी बसले, गोलकीपरची आई माझ्या शेजारी.

एक-एक अशी बरोबरी असताना शेवटी शेवटी कारखान्याच्या संघाला पेनल्टी मिळाली. मारायला जुना कप्तान आला. आमच्या गोलकीपरने डावीकडे झेप घेऊन चेंडू धरला आणि उठता उठता लांब फेकला. पोती उचलणाऱ्या आमच्या एका गड्याने तो धावत नेऊन जाळ्यात घातला. त्या गर्दीत मी आणि ती सिंधी बाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो.

जुना कप्तान सासूबाईंच्या पाया पडायला आला.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "आज पाहुणा आहेस."

त्या दिवशी अंगणात दोन्ही संघांची पंगत बसली. ओरडून ओरडून घसा बसलेले काका वाढायला होते. प्लॉटचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पंगत उठल्यावर ते सासूबाईंसमोर वाट्या मांडून बसले आणि ऑफसाइड म्हणजे काय ते समजावू लागले. सासूबाईंना ते पटेना.