नदीची वीस मिनिटं

शैलाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. शैला ही माझ्या मैत्रिणीची, महानंदाची भाची. "मावशी, आत्या गेली. चहा दे म्हणाली, मी कप घेऊन आले तोवर…" एवढंच बोलली. मी "आले, आले" म्हणून उठले आणि जन्माच्या सवयीप्रमाणे उशिरा पोचले. आधी चष्मा सापडेना, मग सून येईपर्यंत घर सोडवेना, मग रिक्षा मिळेना, त्यात दुपार कलली. जुळे सोलापुरात तिच्या दारी उतरले तेव्हा माणसं माती देऊन परतत होती. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला. सव्वा महिना झाला, पण गवार हातात घेतली की अजून बोटं थांबतात.

आम्ही दोघी भवानी पेठेतल्या. तिचं घर आणि आमचं घर यांच्या मधे एक मागाचा कारखाना. त्याच्या खडखडाटावरून ओरडून बोलायची सवय लागली ती तिची शेवटपर्यंत गेली नाही. घरात आईशी कानडी, माझ्याशी मराठी आणि समोरच्या पद्मक्काशी मोडकी तेलुगू, पण तिन्ही भाषांत आवाज तोच, वरच्या पट्टीतला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हा दोघींना मास्तरणीच्या ऑर्डरी आल्या त्या एकाच शाळेच्या, सीना नदीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. मला केवढा आनंद! महानंदा मात्र कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिचे वडील नव्हते, भाऊ शाळेत, आईला दमा. आईला रात्री एकटी टाकून खेड्यात खोली घेणं शक्यच नव्हतं. एसटी पुलावरून लांबचा वळसा घालून जायची ती बारानंतर पोचायची. शाळा साडेदहाची, आणि पहिल्या वर्षी तीनदा उशीर झाला तर घरी पाठवतात असं ऐकलेलं. माझे वडील कमावते होते, माझी नोकरी म्हणजे हौस. तिच्या नोकरीवर तिची चूल होती.

"सायकलनं जाऊ की," ती म्हणाली. "नदीपर्यंत सायकल, मग नावेतनं पलीकडं. काय अवघड आहे?"

वहीच्या मधल्या जोडपानावर तिनं पेन्सिलीनं रस्ता काढला. मिलची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, म्हणून भोंग्याच्या आधी तिथून सटकायचं. रेल्वे फाटकाशी गाडी कधी येते ते तिनं चार दिवस उभं राहून पाहिलं. फाटकापलीकडं नुसता माळ होता, आज तिथंच तिचा फ्लॅट आहे. मनगटी घड्याळ माझ्याकडं होतं, म्हणून वेळा मी मोजायच्या आणि तिनं लिहायच्या. भर वैशाखात आम्ही रंगीत तालीम केली. तासात नदी गाठली, सायकली खांद्यावर घेऊन वाळू तुडवली, पलीकडून गाडीवाटेनं अर्ध्या तासात शाळा. घरून नऊला निघायचं, ठरलं! पात्रात टिपूस पाणी नव्हतं आणि आम्ही शहाण्या नदी ओलांडायला किती वेळ लागतो ते मोजून आलो होतो. काठावर बाभळीखाली सिद्रामअण्णा बसले होते, पावसाळ्यात माणसं पलीकडं पोचवणारे. नाव कुठं आहे विचारलं तर शेजारी पालथी घातलेली काईल दाखवली. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती अवाढव्य कढई. आमचे चेहरे बघून ते पोट धरून हसले. "बाई, पानी येऊ द्या की आदी! मग बगू तुमचं टायमाचं."

जूनपासून आम्ही जायला लागलो. दोन लेडीज सायकली, दोन्ही जुन्या, माझ्या सायकलीचा ब्रेक लागायचा नाही. पेठेतली पोरं मागं धावायची, बाया दारात येऊन बघायच्या. महानंदा सगळ्यांना घंटी वाजवून सलाम करायची, मी मेल्याहून मेल्यासारखी. माळावर आलो की मात्र वारा तोंडावर, रस्ता मोकळा, आणि ही बया मोठ्यांदा सातचा पाढा म्हणायची, कानडीतनं! तसे दोन महिने मला पुन्हा कधी मिळाले नाहीत. लग्न झालं, पोरं झाली, सगळं छान झालं. पण तसे दोन महिने नाही.

मग वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला आणि एका रात्रीत नदी भरली. अण्णांनी काईल पाण्यात घातली आणि नियम सांगितला. "एक बाई, एक सायकल. दोन घेतल्या की काईल भोवऱ्यागत फिरती. एका खेपेला, जायला-यायला, धा मिन्टं धरा." म्हणजे दोघींची वीस मिनिटं. महानंदानं त्याच दिवशी घरातलं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं केलं. तिच्या आईला 'नऊला पोरगी निघाली पाहिजे' एवढंच ठाऊक, भाकरी त्याच हिशेबानं व्हायची. तिला नवं गणित शिकवत बसण्यापेक्षा घड्याळच पुढं केलेलं बरं. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर तयार होते, खोटं कशाला सांगू. दारातून निघताना तिची आई म्हणाली, "बेगा बर्री, दोघीबी." लवकर या म्हणून.

महानंदा आधी गेली. काईलीत उकिडवी बसली, सायकल आडवी, अण्णा बांबूनं रेटताहेत. ते गढूळ पाणी, आणि त्यात गरगर वळत चाललेली ती कढई… मी दोन पावलं मागं सरले. ती पलीकडं उतरली, हात हलवला. अण्णा रिकामी काईल घेऊन आले आणि म्हणाले, "बसा." मी बसले नाही. ती पलीकडून ओरडली, "कुसे, ये की गं! काही होत नाही!" मी ओरडले, "उद्या येते!" तिचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला, "बरं, मी थांबते."

उद्या मी गेले नाही. परवाही नाही. तापाचं निमित्त केलं, मग राजीनामा पाठवला, आणि दिवाळीनंतर शहरात एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. महानंदानं मला एका शब्दानं टोकलं नाही. ती एकटी त्या काईलीतून आठ पावसाळे गेली, एकदाही उशीर झाला नाही, नोकरी टिकली, भाऊ शिकला, आईनं तिच्याच मांडीवर डोळे मिटले. पुढं बदली होऊन ती शहरात आली. आम्ही रोज भेटत होतो, नदीचं मात्र दोघींनीही कधी काढलं नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं गं, महानंदे.

परवा शैलाकडं गेले. महानंदाची खोली आवरायला काढली होती. स्टुलावर चढून ती भिंतीवरच्या त्याच चावीच्या घड्याळाला हात घालत होती. "मावशी, हे कायम वीस मिनिटं पुढं. आत्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आता तरी बरोबर लावते."

"थांब," मी म्हटलं. "ती नदीची वीस मिनिटं आहेत."

"तेच आत्याबी म्हणायची. पण ती तर एकटीच जायची न्हवं? एका खेपेला धा मिन्टं लागायची म्हणून तिनंच सांगितलेलं. मग वीस कशाला?" स्टुलावरूनच शैला पुढं बोलली, "बाबा सांगतात, लहानपणी ते एकदा तिच्यासंगट गेले हुते. काठावर पोचल्यावर ती लगेच काईलीत बसायची न्हाई. धा मिन्टं नुसती रस्त्याकडं बघत उभी राहायची. अण्णा म्हणाले, हे रोजचंच हाय."

मी पलंगाच्या कडेवर बसले. उरलेली दहा मिनिटं कुणाची होती, ते त्या घरात माझ्याशिवाय कुणाला कळणार? मी 'उद्या येते' म्हणाले होते, आणि तिनं ते खरं मानलं होतं. आठ वर्षं.

घड्याळ मी मागून आणलं. आता ते आमच्या स्वयंपाकघरात आहे. सून म्हणते, आई, हे पुढं आहे. मी म्हणते, असू दे. रात्री चावी मीच देते. सकाळी त्यात नऊ वाजतात तेव्हा माझी वेणी झालेली असते, पायांत चपला असतात. मग मी दारात येऊन रस्त्याकडं बघत उभी राहते… आणि वीस मिनिटं मला कुठंही जायचं नसतं.