कौसाकाकूंची घरची गोळी

हर्सूलला आमच्या गल्लीत दूधवाला सगळ्यात जास्त वेळ कौसाकाकूंच्या दारात अडकायचा. काकू दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरायच्या, तो किती पळतो ते बघायच्या आणि मगच "जा आता" म्हणायच्या. कलिंगड लालभडक निघालं तरी शंका. "येवढं लाल कसं काय? सुई मारली असंल." मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण, शाळेत शिकवणारी, पण माझ्या घरचा चहाही त्या आधी मला प्यायला लावत. आता काकू नाहीत. दूधवाला लगेच पुढे जातो.

त्यांना धडधड सुरू झाली तेव्हा हा संशय घरातच शिरला. "मास्तरीण, छातीत पारवा फडफडल्यावानी होतंय. वनिताच्या हातचं खाल्लं की लई होतंय." वनिता त्यांची सून, वेरूळची. काकू स्वतःपुरतं वेगळं रांधू लागल्या. मुलगा दिलीप शेंद्र्याच्या कारखान्यातून दमून यायचा आणि दोघींच्या मधे मुकाट जेवायचा. तरी धडधड थांबेना. मग काकू म्हणाल्या, "पाण्यातच कायतरी टाकती." हे ऐकून वनितानं पिशवी भरली आणि माहेर गाठलं. मला काकूंचा भयंकर राग आला.

वनिता गेली, धडधड राहिलीच. आता संशय घ्यायला घरात पोटच्या पोराशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी काकूंना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "मॅग्नेशियम बरंच कमी आहे. त्यानंही धडधड होऊ शकते. रोजची गोळी कुठली घेता?"

"पित्ताची तेवढी. दिलीपच्या लग्नापासून. आमच्या भावकीतल्या डॉक्टरनं दिलती. घरचा माणूस हाय."

त्यानं ती लग्नाच्या धावपळीपुरती दिली होती. पुढं काकूंनीच ती इतकी वर्षं चालू ठेवली होती.

"फार वर्षं घेतली तर कधी कधी मॅग्नेशियम कमी होतं," डॉक्टर म्हणाले. "तेच कारण आहे असं आज छातीठोक सांगत नाही. ती बंद करू, मॅग्नेशियम देऊ आणि बघू."

काकूंनी नवी गोळी उलटसुलट करून पाहिली, पण घेतली. हळूहळू धडधड निवळली.

मग त्या मला घेऊन वेरूळला निघाल्या. बोलावणं नसताना विहिणीच्या दारात जायचं, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ओसरीवर टेकल्या टेकल्या त्या म्हणाल्या, "वनिता, चल घरी. त्या गोळीनं केलं समदं."

"गोळीनं धडधड केली, आत्या," वनिता म्हणाली. "संशय तुम्ही घेतला. गोळीवर का नाय घेतला?"

काकूंचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. "ती भावकीतली व्हती गं. तू परक्या घरची."

"एकाच लग्नात आलो की आम्ही दोघी तुमच्या घरात."

काकूंनी पदर खोचला. "तू येस्तोवर मी हितून हलत नाय."

दुपारी जेवून मी एकटीच परतले. दिलीप दारातच उभा होता.

"आई कुठंय?"

"राहिल्या तिथंच."

"जेवली का?"

"वनितानं वाढलं," मी म्हटलं, "पोटभर जेवल्या."