मिरीत पपईच्या बिया

नऊ वाजायच्या आतच लालबागच्या मसाला गल्लीत ऊन चढलं होतं. मसाला कुटणारे डंक धडधडत होते. चंपा दुकानासमोर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. तीस वर्षं हे काम तिची बोटं न बघता करत आली. पण गेला महिनाभर हात मिरची सोडून पुढेच पडायचा. चालताना तोल जायचा, जीभ जड व्हायची.

"सकाळीच घेतलंस की काय गो?" शेजारची कौसल्या हसली. पहिल्यांदा चंपाही हसली होती. आता नाही.

अकराला नवरा दत्ताराम आला आणि तिला धरून परळच्या इस्पितळात घेऊन गेला.

"छातीत वाटाण्याएवढी गाठ आहे, कॅन्सरची," तपासण्यांचे रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती काढायला हवी."

"पण मॅडम, लटपटतात ते पाय! छाती कशाला कापायची?" दत्ताराम म्हणाला.

"या गाठीत जे प्रथिन आहे, ते एरवी मेंदूत असतं. शरीराने गाठीशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार केली. तेच प्रथिन त्यांना लहान मेंदूत दिसलं, म्हणून तिथेही हल्ला. तोल सांभाळणाऱ्या पेशीच ती मारतायत."

दत्तारामने बायकोकडे बघितलं. "तुका काय कळला?"

"माका काय्येक नाय." मग तिने बाईंना विचारलं, "म्हणजे रक्त येडं झालं?"

"नाही हो. काम चोख करतंय, फक्त आपल्यालाच परकं समजतंय."

चंपाला कामाचं पहिलं वर्ष आठवलं. मिरीत भेसळ केलेल्या पपईच्या बिया निवडायला शेठने बसवलं, आणि तिने झपाट्याने अर्धी मिरीच बिया समजून डब्यात फेकली. शेठने सगळी परत वेचायला लावली होती.

"फेकलेली मिरी डब्यातून परत मिळते," ती म्हणाली. "माझा हात परत मिळेल?"

बाई म्हणाल्या, "मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गाठ काढून औषधं दिली, तर उरलेल्या वाचतील अशी आशा आहे. खात्री नाही देत."

वाटाण्याएवढ्या गाठीचं आणि एवढ्या मोठ्या डोक्याचं नातं चंपाला अजून जुळवता येत नव्हतं. पण उरलेली मिरी कळत होती.

"कधी करायचं?" तिने विचारलं.

दुपारी ती पुन्हा आपल्या जागेवर बसली. दत्ताराम नको म्हणत होता.

"काय म्हणाले गो?" कौसल्याने विचारलं.

"रक्त मिरी फेकतंय."

"आँ?"

"माकाव नीट कळाक नाय. तां सूप हय सरकव."

उजवा हात पुन्हा पुढे गेला. तिने डाव्या हाताने मनगट धरलं, मागे आणलं आणि देठ मोडला.