हवालदारानं गवळण व्हावं की नाही

नाथाजी हवालदार फौजेतून कायमचा गावी आला तेव्हा गावानं वेशीपासून त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला वाळीत टाकलं. भांडून नव्हे, मान देऊन. मान देऊन माणसाला जितकं एकटं पाडता येतं तितकं शिव्या देऊन येत नाही. हे ज्याला पटत नसेल त्यानं एकदा हवालदार होऊन बघावं.

तो पारावर आला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. विडी ओढणारे विडी पाठीमागं लपवायचे. कुणाची तरी चेष्टा ऐन रंगात आलेली असायची, ती याला बघून तिथल्या तिथं विझायची. मग "बसा साहेब," "काय म्हणतंय पाकिस्तान?" असलं बोलणं सुरू व्हायचं. त्र्याहत्तर साल होतं, लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं लोक पाकिस्तानची चौकशी सोयऱ्याची करावी तशी करायचे. नाथाजी दोन शब्द बोलून उठायचा. चार पावलं गेला की मागचं हसणं पुन्हा सुरू झालेलं त्याला ऐकू यायचं.

तसं पाटणच्या खाली कोयनेकाठच्या या गावात घरटी एक माणूस फौजेत. फौजीचं अप्रूप कुणाला असणार? पण नाथाजीची गोष्ट वेगळी होती आणि ती त्याच्या नाकाखाली होती. काय ती मिशी! दोन्ही टोकं अशी वळलेली की एकेकावर लिंबू ठरावं. शेजारची राहीबाई म्हणायची, हवालदार वाटेनं आला की माझी म्हससुदीक कडेला होती. ज्या गुंडा नावाच्या सवंगड्याबरोबर त्यानं लहानपणी लोकांचा ऊस मोडून खाल्ला, एकाच छडीचा मार वाटून घेतला, तो गुंडाही आता "आवं हवालदारसाहेब" म्हणायचा. मिशीच्या पाठीमागं जुना नाथ्या जसाच्या तसा बसला होता, पण त्याला हाक मारायला कुणी येत नव्हतं.

हा गुंडा गावच्या सोंगी भजनाचा म्होरक्या. सोंगी भजन म्हणजे नुसतं टाळ कुटणं नव्हे. भैरोबाच्या जत्रेला देवळापुढं मंडळी उभी राहायची ती एकेक सोंग घेऊन. कुणी कृष्ण, कुणी पेंद्या, कुणी सावकार, कुणी गोसावी. लुगडं नेसून गवळणी व्हायचं तेही बाप्यांनीच. पदं ठरलेली, पण मधलं बोलणं ज्यानं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. पेंद्यानं सावकाराला वाटेल ते बोलावं आणि सावकारानं पोट भरून ऐकून घ्यावं. सोंगात शिरलेल्या माणसाला मानपान नाही, वय नाही, जमीनजुमला नाही. नियम तेवढा एकच आणि कडक: भैरोबापुढं नारळ फोडून सोंग घेतलं की तीन जत्रा ते सोडायचं नाही.

त्या साली मंडळाला गवळणच नव्हती. आजवर गवळण करणारा धुळा फलटणला लेकाकडं राहायला गेला होता. गवळण नाही तर कृष्णानं वाट अडवायची कुणाची? गुंडाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

अशातच एका संध्याकाळी नाथाजी देवळात आरतीला उभा राहिला. पीरमहंमद शिंपी पेटीवर होता. गावाचे कपडे शिवायचे आणि मंडळाची पेटी वाजवायची, ही त्याच्या घराची दोन पिढ्यांची कामं. वाजवता वाजवता त्याची बोटं थांबली. गर्दीतून एक बारीक, गोड, सरळ वर चढणारा सूर येत होता. त्यानं मान वळवून बघितलं तर तो सूर त्या दांडग्या मिशीतून निघत होता!

आरती संपली तसा पीरमहंमद पुढं झाला. "साहेब, राग मानू नगा. पर ह्यो गळा गवळणीचा हाय."

गुंडानं जीभ चावली. नाथाजीनं खाकरून "सोच के बतायेंगे" एवढंच म्हटलं आणि तो पायऱ्या उतरून चालू लागला. अवघड प्रश्न आला की तो हिंदीत शिरायचा, ही त्याची जुनी खोड.

घरापर्यंतची वाट त्यानं जवळजवळ पळतच कापली. राग आला नव्हता त्याला. उलट इतका आनंद झाला होता की त्या आनंदाचीच भीती वाटत होती. गवळण व्हायचं म्हणजे कुणीही यावं आणि घागर फोडावी, पदर ओढावा, टोमणा मारावा. सगळं गाव हसणार, आणि यावेळी पाठीमागं नाही, तोंडावर. त्याला तेच तर हवं होतं. पण छातीवर पदकं लावलेल्या माणसानं नाकात नथ घालायची? आणि एकदा घातली की तीन वर्षं?

चंद्राबाई चुलीपुढं बसली होती. नवऱ्याची येरझार तिनं थोडा वेळ बघितली आणि भाकरी उलटत विचारलं, "तुमाला करायचंय का न्हाई, तेवढं सांगा."

"करायचंय. पण लोक काय म्हणतील?"

"आता काय म्हणत्यात?"

"साहेब म्हणतात."

"मंग? त्यानं पोट भरतंय का तुमचं?"

नाथाजी पाटावर टेकला. "अगं, गवळणीला मिशी कशी चालेल?"

"काढा की मंग."

"तुला चालंल?"

चंद्राबाई हसली. "लग्नात मान वर करायची सोय न्हवती. चोरून बघितलं तर निस्ती मिशीच दिसली. तिच्या मागं कोण हाय, ते बघायचं राहूनच गेलंय माजं."

हसता हसता ती एकदम थांबली, कारण दोघांनाही एकाच वेळी आबा आठवले. हंबीरआबा, नाथाजीचे वडील. पंचाहत्तरीचे, पण खुटखुटीत. गावाबाहेरच्या मळ्यात खोपीत एकटे राहायचे आणि रोज सकाळी दुधाची किटली घेऊन घरी यायचे. आणि बाप हयात असताना पोरानं मिशी काढायची नसते. ती उतरते आईबापाला अग्नी दिल्यावर, नदीवर. हे गावात कुणी कुणाला शिकवत नाही, पण दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

"विचारा त्यास्नी," चंद्राबाई म्हणाली.

"आणि नको म्हणाले तर?"

गोळ्यांच्या वर्षावात उभा राहिलेला गडी, पण बापापुढं उभा राहून एवढं विचारायची त्याची छाती झाली नाही. तो रोज सकाळी आबांच्या हातातून किटली घ्यायचा, "ऊस कसा हाय?" विचारायचा आणि आत वळायचा.

गुंडानं मधला मार्ग काढला. "साहेब, मिशी ऱ्हाऊ द्या. पदर दातात धरा, म्हंजे झाकंल." पीरमहंमदच्या दुकानात दुपारची तालीम होती. नाथाजीनं चंद्राबाईचं इरकली लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, पदर दातात धरला आणि पद सुरू केलं. पदराच्या दोन्ही अंगांनी मिशीची टोकं बाहेर आली, म्हशीची शिंगं यावी तशी. असलं ध्यान बघून दगडसुद्धा हसला असता. पण मंडळी हसली नाहीत. कुणी छताकडं बघत होतं, कुणी ओठ घट्ट दाबून टाळांची दोरी आवळत होतं. "बेस हाय साहेब, बेस हाय," गुंडा म्हणाला. नाथाजीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. हसा की रं मेल्यांनो, असं ओरडावंसं वाटलं त्याला.

तो तडक सिद्धू न्हाव्याकडं गेला. सिद्धूनं ऐकून घेतलं आणि धोपटी बंद केली.

"आबा मळ्यात बसून भाकरी खात्यात, अन् मी तुमच्या मिशीला वस्तरा लावू? ह्या हातानं न्हाई व्हायचं. डोकं करायचं तर बसा." मग रिकाम्या हाती कशाला जायचं म्हणून नाथाजीनं केसच कापून घेतले, पलटणीतल्यासारखे, अगदी मुळाशी.

नारळ फोडायचा दिवस उजाडला. नाथाजीचा निर्णय झाला होता. आबा रागावले तर त्यांचे पाय धरू, पण आणखी एक वर्ष साहेब होऊन जगणं आता आपल्याच्यानं व्हायचं नाही. तो पहाटे नदीवर गेला, आरशाचा तुकडा दगडाला टेकवला आणि फौजेत रोज दाढी करायचा तशी मिशी सपाट केली. पाण्यात बुड्या मारल्या. ओलं धोतर तसंच अंगावर घेऊन, उघड्या डोक्यानं तो वर निघाला. आता कोयनेवरून गावात यायची वाट मसणवटीच्या कडेनं येते, यात त्याचा काय दोष? पण बारीक डोकं, ओलेतं अंग, गुळगुळीत ओठ आणि मसणवटीची वाट. समोरून घागर घेऊन येणाऱ्या राहीबाईनं आणखी काय समजावं?

तिच्या कमरेवरची घागर खाली आली. "आबा गेलं गं माय!" असा तिनं जो हंबरडा फोडला तो पार वरच्या आळीपर्यंत पोचला.

"राहीकाकू, अगं ऐक—"

ती ऐकते कुठली! तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. दारादारांतून माणसं धावली. नाथाजीला लोकांनी धरून घरापुढं आणलं, ओट्यावर बसवलं. बायांनी सूर धरला. चंद्राबाई आतून पळत आली आणि नवऱ्याचं तोंड बघून ओळखावं की रडावं हेच तिला कळेना. नाथाजी "आबा आहेत, आबा आहेत" म्हणत होता, आणि लोक "व्हय रं, हायतच, असं माणूस कुठं जातंय" म्हणून आणखी मोठ्यानं रडत होते.

एवढ्यात गुंडा गर्दी फोडून पुढं आला. डोळे लाल, श्वास फुललेला. त्यानं नाथाजीचा दंड धरून गदागदा हलवला.

"नाथ्या, भाड्या! एकट्यानंच आटापलंस? खांदा द्यायला आमी मेलो हुतो व्हय? बाप काय तुझ्या एकट्याचा हुता?" आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडायला लागला.

कित्येक वर्षांत नाथाजीला असं कुणी बोललं नव्हतं. खरं सांगायला हवं होतं, पण त्यानं गुंडाला तसंच छातीशी धरून ठेवलं. अंगावर गुंडाचं वजन, पाठीवर पीरमहंमदचा हात, कानात शिव्या, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

रोजच्या वेळेला हंबीरआबा किटली घेऊन आले. घरापुढं रडारड दिसली. अशा वेळी आधी बसायचं आणि मग विचारायचं, ही रीत. आबांनी किटली खाली ठेवली, पटका काढून मांडीवर घेतला आणि कडेला टेकले. गुंडा डोळे पुसत मागं सरून त्यांच्या शेजारीच बसला.

"कोण गेलं रं?" आबांनी हळूच विचारलं.

"हंबीरआबा गेलं," गुंडा न बघताच म्हणाला.

"आरारा," आबा हळहळले. मग त्यांना काहीतरी खटकलं. "कुठला हंबीर?"

गुंडानं मान वळवली आणि बसल्या जागीच दोन हात मागं सरकला. राहीबाईनं दुसरा हंबरडा फोडला, पहिल्याहून मोठा. आबांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती नाथाजीच्या तोंडावर येऊन थांबली. नाथाजी उठून उभा राहिला, अगदी सावधान. काय झालं ते गुंडानंच कसंबसं सांगितलं: जत्रा, सोंग, गवळण.

आबा काठी टेकत पोराजवळ आले. बघणाऱ्यांना वाटलं, आता काठी बसणार. आबांनी हात वर केला आणि तो नाथाजीच्या ओठावरून, गालावरून फिरवला, आंधळ्यानं चाचपावं तसा.

"पार आईवर गेलाईस रं," ते म्हणाले.

नाथाजीची आई पासष्टच्या लढाईच्या दिवसांत वारली, तेव्हा तो सरहद्दीवर होता. तिचं शेवटचं तोंडही त्याला बघायला मिळालं नव्हतं.

"ती गेली तवा तू हितं न्हवतास. मिशी काढायची ऱ्हायली," आबा म्हणाले. "आज काढलीस, अन् तीच म्होरं उभी ऱ्हायली. मी तुला काय म्हणू?" त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले आणि लोकांकडं वळून आवाज चढवला, "पर मी खराच जाईन तवा परत असंच रडायला यायचं! आज रडलो म्हून कुणाला सूट न्हाई, सांगून ठिवतो." त्यावर जे हसू फुटलं त्यात नाथाजीही होता.

जत्रेला दिवेलागणीलाच देवळापुढं पाय ठेवायला जागा उरली नाही. पीरमहंमदनं पेटीवर सूर धरला आणि इरकली लुगडं नेसलेली, नथ घातलेली, डोईवर घागर घेतलेली गवळण कनातीतून बाहेर आली. पेंद्या झालेल्या गुंडानं तिची वाट अडवून विचारलं, "का गं नाथे, पलटणीत दूध कितीला शेर?" माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. गवळणीनं पेंद्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पदाला तोंड फोडलं.

पुढच्या रांगेत बसलेले आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी डोईचा पटका सारखा केला, काठी बाजूला ठेवली, आणि मांडवात नवरी येताना बघावी तसे ते एकटक बघत राहिले.